विम्बल्डनची पुरुष दुहेरी : हिरवळीवरची जोडीची परीक्षा

टेनिसच्या चार ग्रँड स्लॅम स्पर्धांपैकी हिरवळीवर खेळली जाणारी स्पर्धा आता एकच उरली आहे, ती म्हणजे विम्बल्डन. अमेरिकन स्पर्धेने १९७४ नंतर हिरवळ सोडली. ऑस्ट्रेलियन स्पर्धा १९८७ मध्ये शेवटची गवतावर झाली. लंडनच्या नैऋत्येला चर्च रोडवरील ऑल इंग्लंड क्लबने मात्र गवताचा हट्ट सोडला नाही. या स्पर्धेतील एकेरीच्या विजेत्यांची नावे जगभर पाठ असतात. पुरुष दुहेरीच्या वाट्याला तेवढी प्रसिद्धी येत नाही. तरीही सर्व्हिस, व्हॉली, चपळाई आणि सहकाऱ्यावरचा विश्वास यांची जेवढी कसून परीक्षा हिरवळीवरच्या दुहेरीत होते, तेवढी टेनिसच्या अन्य प्रकारात क्वचितच होते. भारतीय क्रीडारसिकांना तर या प्रकाराविषयी विशेष आपुलकी वाटावी. विम्बल्डनच्या वरिष्ठ पुरुष गटात भारताचे नाव विजेत्यांच्या यादीत कोरले गेले, ते याच दुहेरीमुळे, १९९९ मध्ये.

ऑक्सफर्डहून विम्बल्डनला

विम्बल्डनची पहिली स्पर्धा १८७७ मध्ये वर्पल रोडवरील जुन्या मैदानावर झाली. तेव्हा स्पर्धेत पुरुष एकेरी हा एकच प्रकार होता आणि स्पेन्सर गोर हा पहिला विजेता ठरला. दुहेरीचा जन्म मात्र विम्बल्डनमध्ये झालेला नाही. ऑक्सफर्ड येथे १८७९ पासून पुरुष दुहेरीची स्वतंत्र स्पर्धा भरत असे. ती १८८४ मध्ये विम्बल्डनला हलविण्यात आली आणि ऑक्सफर्डच्या टेनिस क्लबने दिलेला रौप्य चषकही तिच्याबरोबर आला. त्याच वर्षी महिला एकेरीलाही प्रारंभ झाला. त्यामुळे १८८४ हे वर्ष विम्बल्डनच्या इतिहासात दुहेरी महत्त्वाचे मानले जाते. महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी यांना स्पर्धेत स्थान मिळण्यासाठी १९१३ साल उजाडावे लागले.

स्पर्धेच्या अधिकृत परिभाषेत आजही या प्रकाराला 'जंटलमेन्स डबल्स' असेच म्हटले जाते. पांढऱ्या पोशाखाच्या नियमाप्रमाणेच हा शब्दही क्लबने जपून ठेवला आहे.

भावांच्या जोड्या

प्रारंभीच्या काळात दुहेरीवर सख्ख्या भावांचे राज्य होते. अर्नेस्ट आणि विल्यम रेनशॉ या जुळ्या भावांनी १८८४ चे पहिले विजेतेपद पटकावले आणि त्यानंतर १८८५, १८८६, १८८८ व १८८९ मध्ये त्याची पुनरावृत्ती केली. टेनिस हा तोवर मागच्या रेषेवरून सावकाश खेळण्याचा खेळ होता. जाळ्याकडे धाव घेऊन चेंडू टप्पा पडण्याआधीच मारण्याची आक्रमक पद्धत रूढ करण्यात या भावांचा मोठा वाटा होता. दुहेरीच्या खेळाला त्यातूनच आजचे रूप येऊ लागले.

रेनशॉ बंधूंनंतर रेजिनाल्ड आणि लॉरेन्स डोहर्टी या बंधूंचा काळ आला. त्यांनी १८९७ ते १९०१ अशी सलग पाच आणि १९०३ ते १९०५ अशी सलग तीन विजेतेपदे मिळविली. मध्ये १९०२ चा अपवाद घडला, तो सिडनी स्मिथ आणि फ्रँक रायझली यांच्यामुळे. एका जोडीने आठ वेळा विम्बल्डन जिंकण्याचा डोहर्टी बंधूंचा हा विक्रम शंभराहून अधिक वर्षांनंतरही अबाधित आहे.

या विक्रमांकडे पाहताना त्या काळची पद्धत ध्यानात घ्यायला हवी. पुरुष दुहेरीत १८८६ ते १९२१ या काळात 'चॅलेंज राउंड' असे. गतविजेत्या जोडीला आधीच्या फेऱ्या खेळाव्या लागत नसत. इतर जोड्यांमधून जी पुढे येई तिच्याशी एकच सामना खेळून तिला आपले पद राखता येत असे. ही सवलत १९२२ मध्ये रद्द झाली. त्याच वर्षी स्पर्धा चर्च रोडवरील सध्याच्या जागेत आली. तेव्हापासून गतविजेत्यांनाही पहिल्या फेरीपासूनच सुरुवात करावी लागते.

मैदान, गवत आणि चेंडू

टेनिस कोर्टाची लांबी ७८ फूट असते. एकेरीसाठी त्याची रुंदी २७ फूट धरली जाते, तर दुहेरीत दोन्ही बाजूंचे साडेचार फुटांचे पट्टे खेळात येतात आणि रुंदी ३६ फूट होते. म्हणजे खेळाडू दुप्पट होतात, पण मैदान मात्र एक तृतीयांशानेच वाढते. मोकळी जागा कमी असल्याने दुहेरीत फटका मारण्याआधीच तो कोठे मारायचा हे ठरवावे लागते. सर्व्हिसचा चौकोन मात्र एकेरीइतकाच राहतो. मधल्या भागात जाळ्याची उंची तीन फूट आणि खांबांपाशी साडेतीन फूट असते, म्हणून दुहेरीतील बहुसंख्य फटके मधूनच खेळले जातात. दोन प्रतिस्पर्ध्यांच्या मधोमध आलेला चेंडू कोणी घ्यायचा, या क्षणभराच्या संभ्रमावर अनेक गुणांचा निकाल लागतो.

त्यात गवताची भर पडली की खेळ आणखी वेगवान होतो. गवतावर टप्पा पडल्यावर चेंडू घसरतो आणि बुटका राहतो. मातीच्या कोर्टावर परतीचा फटका मारण्यासाठी जेवढा अवधी मिळतो, तेवढा येथे मिळत नाही. त्यामुळे चांगली सर्व्हिस करणाऱ्या जोडीची सर्व्हिस भेदणे हिरवळीवर फार अवघड असते. एखाद्या सेटमध्ये दोन्ही जोड्या आपापली सर्व्हिस राखत जातात आणि निकाल एका दुहेरी चुकीवर किंवा जाळ्याला चाटून गेलेल्या एका चेंडूवर लागतो.

हे गवतही कायम एकाच प्रकारचे राहिलेले नाही. पूर्वी विम्बल्डनच्या कोर्टांवर ७० टक्के राय आणि ३० टक्के रेड फेस्क्यू असे मिश्रण पेरले जात असे. २००१ च्या स्पर्धेपासून तेथे फक्त राय गवत वापरले जाते आणि स्पर्धेच्या काळात ते आठ मिलिमीटर उंचीवर कापलेले असते. हे गवत अधिक टिकाऊ असून त्याखालची जमीन घट्ट ठेवता येते. साहजिकच चेंडूचा टप्पा पूर्वीपेक्षा किंचित वर येऊ लागला आणि मागच्या रेषेवरून खेळणाऱ्यांना हिरवळीवर पाय रोवता आले. एकेरीत सर्व्हिस करून जाळ्याकडे धावण्याची शैली त्यानंतर झपाट्याने मागे पडली. ती शैली आजही नियमाने पाहायला मिळते ती दुहेरीत.

व्यूहरचना आणि शिस्त

दुहेरीत चारही खेळाडू क्रमाने सर्व्हिस करतात. हा क्रम एका सेटपुरता बांधलेला असतो आणि पुढच्या सेटच्या सुरुवातीला बदलता येतो. सर्व्हिस घेताना कोण उजव्या बाजूला व कोण डाव्या बाजूला उभा राहणार, हेही त्या सेटपुरते निश्चित असते. डावी बाजू घेणाऱ्याकडे निर्णायक गुण अधिक वेळा येतात, म्हणून तेथे थंड डोक्याचा खेळाडू असावा असा संकेत आहे.

सर्व्हिस करणाऱ्याचा सहकारी जाळ्याशी उभा असतो. परतलेला चेंडू मध्येच अडवून मारण्यासाठी तो आडवा धावून येतो. कधी तो सर्व्हिस करणाऱ्याच्याच बाजूला उभा राहतो आणि परतीच्या फटक्याची नेहमीची तिरकी वाट बंद करतो. ऑस्ट्रेलियन खेळाडूंनी रूढ केल्यामुळे या रचनेला 'ऑस्ट्रेलियन फॉर्मेशन' म्हणतात. कधी तो मध्यरेषेवर जाळ्याच्या उंचीखाली वाकून बसतो आणि सर्व्हिस पडताच ठरलेल्या बाजूला झेपावतो. ही 'आय फॉर्मेशन' आज जवळजवळ प्रत्येक जोडी वापरते. पाठीमागे हात नेऊन बोटांनी केलेल्या खुणा, दोन गुणांच्या मध्ये चेंडूने तोंड झाकून केलेली कुजबूज, हे सारे त्या क्षणीच्या बेताचाच भाग असते.

याला उत्तर देणाऱ्या जोडीकडे मोजकीच शस्त्रे असतात. जाळ्याकडे धावणाऱ्याच्या पायाशी पडणारा बुटका परतीचा फटका, जाळ्याशी उभ्या असलेल्याच्या बाजूने काढलेला सरळ फटका आणि डोक्यावरून टाकलेला लॉब. यांपैकी काय निवडायचे याचा निर्णय सेकंदाच्या अंशात घ्यावा लागतो. एकट्याचा दमदार फोरहँड येथे पुरेसा पडत नाही. एकेरीतील नामांकित खेळाडू ऐनवेळी एकत्र येऊन दुहेरीत उतरतात आणि मुरलेल्या जोडीकडून पराभूत होतात, ते यामुळेच.

ऑस्ट्रेलियाचे सुवर्णयुग

दुसऱ्या महायुद्धानंतरची दोन-तीन दशके ऑस्ट्रेलियाची होती. त्या देशात गवताची कोर्टे विपुल होती आणि डेव्हिस चषकात दुहेरीचा सामना निर्णायक ठरत असल्याने प्रशिक्षणात दुहेरीला मोठे स्थान होते. फ्रँक सेजमन आणि केन मॅकग्रेगर यांनी १९५१ मध्ये चारही ग्रँड स्लॅम स्पर्धांची पुरुष दुहेरी एकाच वर्षात जिंकली. असा पराक्रम करणारी दुसरी पुरुष जोडी २०२५ पर्यंत निर्माण झालेली नाही. लू होड आणि केन रोझवॉल यांनी १९५३ व १९५६ मध्ये विम्बल्डन जिंकले.

जॉन न्यूकोम्ब आणि टोनी रोश यांनी १९६५, १९६८, १९६९, १९७० आणि १९७४ अशी पाच विजेतेपदे मिळविली. उजव्या हाताने भेदक सर्व्हिस करणारा न्यूकोम्ब आणि डाव्या हाताने कौशल्यपूर्ण व्हॉली मारणारा रोश ही दुहेरीतील आदर्श जुळणी मानली गेली. न्यूकोम्बने १९६६ मध्ये केन फ्लेचरच्या साथीने आणखी एक विजेतेपद मिळविले होते.

याच न्यूकोम्ब-रोश जोडीचा भारताशी एक संस्मरणीय संबंध आहे. १९६६ च्या डेव्हिस चषकाच्या अंतिम लढतीत मेलबर्नच्या हिरवळीवर रामनाथन कृष्णन आणि जयदीप मुखर्जी यांनी त्यांना चार सेटमध्ये हरविले. भारताने ती लढत १-४ अशी गमावली, परंतु भारताचा तो एकमेव विजय दुहेरीतला होता.

या काळात अनपेक्षित निकालही लागले. १९५७ मध्ये गार्डनर मलॉय आणि बज पॅटी या बिगरमानांकित अमेरिकन जोडीने अंतिम सामन्यात लू होड व नील फ्रेझर यांना नमविले. मलॉय त्या वेळी ४३ वर्षांचा होता. अनुभव आणि नजर शाबूत असेल तर दुहेरीत वय आड येत नाही, हे त्याने दाखवून दिले.

मॅकेन्रो आणि वूडीज

व्यावसायिक खेळाडूंना १९६८ मध्ये विम्बल्डनची दारे उघडली. त्यानंतरच्या पिढीत दुहेरीवर सर्वांत खोल ठसा उमटविला तो जॉन मॅकेन्रोने. पीटर फ्लेमिंगच्या साथीने त्याने १९७९, १९८१, १९८३ आणि १९८४ मध्ये विजेतेपद मिळविले. यांपैकी शेवटच्या तीन वर्षी तो एकेरीचाही विजेता होता. एकाच वर्षी विम्बल्डनची पुरुष एकेरी आणि दुहेरी जिंकण्याची किमया १९८४ नंतर २०२५ पर्यंत कोणालाही साधलेली नाही. मॅकेन्रो दुहेरीकडे सरावाचे साधन म्हणून पाहत असे आणि जाळ्याजवळचा आपला हात त्यात घडवीत असे.

१९९२ मध्ये तो मायकेल श्टिकबरोबर खेळला. जिम ग्रॅब आणि रिची रेनेबर्ग यांच्याविरुद्धचा तो अंतिम सामना रविवारी पूर्ण होऊ शकला नाही. सोमवारी पाचवा सेट १९-१७ असा जिंकून मॅकेन्रो-श्टिक विजेते झाले. मॅकेन्रोचे विम्बल्डनमधील ते पाचवे व अखेरचे दुहेरी विजेतेपद ठरले.

त्यानंतर आले 'वूडीज'. टॉड वूडब्रिज आणि मार्क वूडफर्ड या ऑस्ट्रेलियन जोडीने १९९३ ते १९९७ अशी सलग पाच वर्षे आणि पुन्हा २००० मध्ये ही स्पर्धा जिंकली. वूडफर्डच्या निवृत्तीनंतर वूडब्रिजने स्वीडनच्या योनास ब्योर्कमनला साथीला घेतले आणि २००२, २००३ व २००४ अशी आणखी तीन विजेतेपदे मिळविली. पुरुष दुहेरीत एका खेळाडूची नऊ विजेतेपदे हा विम्बल्डनचा विक्रम आहे. वूडब्रिजपाशी डोळे दिपविणारा वेग नव्हता. योग्य क्षणी योग्य जागी असणे हीच त्याची ताकद होती.

१९९९ : पेस आणि भूपती

वूडीजच्या सलग पाच विजयांची मालिका १९९८ मध्ये जॅको एल्टिंघ आणि पॉल हारहुईस या डच जोडीने अंतिम सामन्यात खंडित केली. पुढच्या वर्षी हारहुईस अमेरिकेच्या जेरेड पामरबरोबर पुन्हा अंतिम फेरीत आला. समोर होते अग्रमानांकित लिअँडर पेस आणि महेश भूपती.

पेसचा जन्म कोलकात्याचा, त्याचे वडील डॉ. वेस पेस हे मूळचे गोव्याचे आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळविणाऱ्या भारतीय हॉकी संघाचे खेळाडू. लिअँडरने १९९० मध्ये विम्बल्डनची ज्युनिअर एकेरी जिंकली होती आणि १९९६ मध्ये अटलांटा ऑलिम्पिकच्या एकेरीत कांस्यपदक मिळविले होते. चेन्नईत जन्मलेल्या भूपतीने १९९७ मध्ये जपानच्या रिका हिराकीच्या साथीने फ्रेंच स्पर्धेची मिश्र दुहेरी जिंकली आणि ग्रँड स्लॅम विजेतेपद मिळविणारा तो पहिला भारतीय ठरला. दोघांचे गुण परस्परपूरक होते. भूपतीची सर्व्हिस आणि बॅकहँडचा परतीचा फटका भक्कम होता. पेसचे जाळ्याजवळचे हात आणि पाय असे चपळ होते की, प्रतिस्पर्ध्याला मोकळी वाटणारी जागा चेंडू पोहोचेपर्यंत मोकळी राहत नसे.

१९९९ हे वर्ष या जोडीच्या कारकिर्दीचे शिखर होते. त्या वर्षी चारही ग्रँड स्लॅम स्पर्धांच्या अंतिम फेरीत ते पोहोचले. ऑस्ट्रेलियात ब्योर्कमन आणि पॅट्रिक राफ्टर यांच्याकडून ते पराभूत झाले. पॅरिसमध्ये गोरान इव्हानिसेविच आणि जेफ टरँगो यांना हरवून त्यांनी ग्रँड स्लॅमचे पहिले विजेतेपद मिळविले. पुरुष दुहेरीचे ग्रँड स्लॅम जिंकणारी ती पहिली भारतीय जोडी होती.

विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात पहिला सेट त्यांनी टायब्रेकरमध्ये १०-१२ असा गमावला. इतक्या निसटत्या फरकाने सेट हातचा गेल्यावर खांदे पडणे स्वाभाविक असते. येथे तसे घडले नाही. पुढचे दोन सेट त्यांनी ६-३, ६-४ असे घेतले. चौथा सेट पुन्हा टायब्रेकरमध्ये गेला आणि तो त्यांनी ७-४ असा जिंकला. ६-७, ६-३, ६-४, ७-६ या विजयाने विम्बल्डनच्या पुरुष दुहेरीच्या चषकावर प्रथमच भारतीय नावे कोरली गेली. त्याच स्पर्धेत पेसने लिसा रेमंडच्या साथीने मिश्र दुहेरीही जिंकली. अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सेबास्टियन लारो आणि अ‍ॅलेक्स ओब्रायन यांनी पेस-भूपतीला रोखले. तरीही जागतिक क्रमवारीत ही जोडी त्या वर्षी अव्वल ठरली.

ही साथ पुढे अखंड राहिली नाही. मतभेद झाले, जोडी फुटली, पुन्हा जमली आणि पुन्हा फुटली. २००१ मध्ये त्यांनी फ्रेंच स्पर्धा परत एकदा एकत्र जिंकली. २००२ च्या बुसान आणि २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धांत सुवर्णपदके मिळविली, तर २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये त्यांचे कांस्यपदक थोडक्यात हुकले. विम्बल्डनची पुरुष दुहेरी मात्र त्यांना एकत्र किंवा स्वतंत्रपणे पुन्हा जिंकता आली नाही. २००३ मध्ये मॅक्स मिर्नीबरोबर अंतिम फेरी गाठलेल्या भूपतीला वूडब्रिज-ब्योर्कमन जोडीने हरविले. दोघेही एकेकटे महान खेळाडू होते. तरीही १९९९ च्या उन्हाळ्यात त्या दोघांमध्ये जे जुळून आले होते, ते दुसऱ्या साथीदाराबरोबर हिरवळीवर त्याच रूपात परत आले नाही. दुहेरीत जोडी हे तिसरेच व्यक्तिमत्त्व असते, याचा हा लख्ख दाखला आहे.

भारताचे इतर प्रयत्न

पेस-भूपतीच्या आधी विजय आणि आनंद अमृतराज या बंधूंनी १९७६ मध्ये विम्बल्डनच्या पुरुष दुहेरीची उपांत्य फेरी गाठली होती. त्यांच्यानंतर रोहन बोपण्णाने २०१३, २०१५ आणि २०२३ मध्ये, प्रत्येक वेळी वेगळ्या साथीदाराबरोबर, उपांत्य फेरीपर्यंत मजल मारली. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू एब्डनबरोबर खेळताना तो ४३ वर्षांचा होता. तेथे वेस्ली कूलहॉफ व नील स्कुप्स्की या पुढे विजेत्या ठरलेल्या जोडीने त्यांना हरविले. सहा महिन्यांनी याच एब्डनबरोबर बोपण्णाने ऑस्ट्रेलियन स्पर्धा जिंकली.

मिश्र दुहेरीत पेसने १९९९, २००३, २०१० आणि २०१५ मध्ये, तर भूपतीने २००२ व २००५ मध्ये विम्बल्डन जिंकले. सानिया मिर्झाने २०१५ मध्ये मार्टिना हिंगीसच्या साथीने महिला दुहेरी जिंकली. भारतीय टेनिसला वरिष्ठ गटात विम्बल्डनने जे दिले, ते सारे दुहेरीच्या तिन्ही प्रकारांतून आले आहे. एकेरीत रामनाथन कृष्णन यांनी १९६० व १९६१ मध्ये गाठलेली उपांत्य फेरी ही भारतीय पुरुषांची सर्वोत्तम कामगिरी आजही आहे.

अनपेक्षित विजेते

एकविसाव्या शतकात बॉब आणि माईक ब्रायन या अमेरिकन जुळ्या भावांनी दुहेरीवर वर्चस्व गाजविले. त्यांनी एकत्र १६ ग्रँड स्लॅम विजेतेपदे मिळविली. विम्बल्डन त्यांनी २००६, २०११ आणि २०१३ असे तीन वेळा जिंकले. मात्र हिरवळीने त्यांनाही वारंवार धक्के दिले. २००५ च्या अंतिम सामन्यात स्टीफन हस आणि वेस्ली मूडी या पात्रता फेरीतून आलेल्या जोडीने त्यांना नमविले. पात्रता फेरीतून येऊन पुरुष दुहेरी जिंकणारी ती पहिलीच जोडी. २०१४ मध्ये वासेक पोस्पिसिल आणि जॅक सॉक या प्रथमच एकत्र खेळणाऱ्या बिगरमानांकित जोडीने ब्रायन बंधूंना अंतिम सामन्यात पाच सेटमध्ये हरविले.

२०१२ चा निकाल याहून नवलाचा. जोनाथन मरे आणि फ्रेडरिक नील्सन यांना आयोजकांनी 'वाइल्ड कार्ड' देऊन थेट प्रवेश दिला होता. त्यांनी अंतिम सामन्यात रॉबर्ट लिंडस्टेट व होरिया टेकाऊ यांना पाच सेटमध्ये पराभूत केले. लिंडस्टेट व टेकाऊ यांचा अंतिम फेरीतील तो सलग तिसरा पराभव होता. डेन्मार्कच्या नील्सनचे आजोबा कुर्ट नील्सन १९५३ आणि १९५५ मध्ये एकेरीचे उपविजेते होते. आजोबांना हुलकावणी दिलेले विम्बल्डन नातवाच्या हाती दुहेरीतून आले.

पाचवरून तीन सेट

पुरुष दुहेरीचा सामना विम्बल्डनमध्ये परंपरेने पाच सेटचा असे. १९७१ मध्ये येथे टायब्रेकर आला, प्रथम ८-८ अशी बरोबरी झाल्यावर आणि १९७९ पासून ६-६ वर. निर्णायक सेटला मात्र २०१८ पर्यंत मर्यादा नव्हती. त्यामुळे २००६ च्या उपांत्यपूर्व फेरीत मार्क नोल्स व डॅनिएल नेस्टर यांना सायमन अ‍ॅस्पेलिन व टॉड पेरी यांच्याविरुद्ध पाचवा सेट २३-२१ असा जिंकावा लागला आणि तो सामना सहा तासांहून अधिक चालला. पुढच्याच वर्षी मार्सेलो मेलो व आंद्रे सा यांनी पॉल हॅन्ली व केव्हिन अलिएट यांच्यावर पाचव्या सेटमध्ये २८-२६ असा विजय मिळविला. २०१९ मध्ये निर्णायक सेटसाठी १२-१२ वर टायब्रेकर लागू झाला. २०२२ पासून तो ६-६ वर, दहा गुणांचा, खेळला जातो.

पाच सेटचा शेवटचा अंतिम सामना २०२२ मध्ये झाला. मॅथ्यू एब्डन आणि मॅक्स पर्सेल यांनी निकोला मेक्टिच व माटे पाविच यांच्यावर पाचव्या सेटच्या टायब्रेकरमध्ये विजय मिळविला. २०२३ पासून पुरुष दुहेरीचे सामने तीन सेटचे झाले.

या बदलामागील कारणे व्यावहारिक आहेत. लंडनच्या पावसात वेळापत्रक सांभाळणे कठीण असते. पाच सेटची एकेरी खेळणारे खेळाडू पाच सेटच्या दुहेरीला नकार देतात. सामने आटोपशीर झाले तर एकेरीतले मोठे खेळाडूही दुहेरीकडे वळतील, अशी अपेक्षा त्यामागे आहे. विरुद्ध बाजूचे म्हणणेही तेवढेच वजनदार आहे. पाच सेटमध्ये मुरलेल्या जोडीला चूक सुधारण्यास, सर्व्हिसचा क्रम बदलण्यास, प्रतिस्पर्ध्याची नाडी ओळखण्यास वेळ मिळत असे. १९९९ च्या अंतिम सामन्यात पेस-भूपती पहिला सेट हरूनही निश्चिंत राहू शकले, ते हाताशी अवधी होता म्हणून. तीन सेटमध्ये एक सेट गमावला की चुकीला जागाच उरत नाही.

आर्थिक विषमताही या चर्चेत येते. २०२५ मध्ये एकेरीच्या विजेत्याला ३० लाख पौंड मिळाले. पुरुष दुहेरीच्या विजेत्या जोडीसाठी ६ लाख ८० हजार पौंड होते आणि ते दोघांत वाटले जाणार होते. प्रशिक्षक आणि प्रवासाचा खर्च दुहेरीच्या खेळाडूलाही चुकत नाही. ही तफावत लक्षात घेता केवळ दुहेरीवर कारकीर्द उभी करणे किती धाडसाचे आहे, हे ध्यानात येते.

यजमानांचे पुनरागमन

स्पर्धेच्या जन्मभूमीतील खेळाडूंना मधल्या काळात दुहेरीने फारसे यश दिले नव्हते. पॅट ह्यूज आणि रेमंड टकी यांनी १९३६ मध्ये विजेतेपद मिळविल्यानंतर २०१२ मध्ये जोनाथन मरे विजेता होईपर्यंत एकही ब्रिटिश पुरुष या चषकापर्यंत पोहोचला नाही. अलीकडे चित्र पालटले आहे. २०२३ मध्ये नील स्कुप्स्की हा नेदरलँड्सच्या कूलहॉफबरोबर जिंकला. २०२४ मध्ये हेन्री पॅटन याने फिनलंडच्या हारी हेलिओव्हारा याच्या साथीने पर्सेल व जॉर्डन थॉम्प्सन यांच्याविरुद्ध तिन्ही सेट टायब्रेकरमध्ये गेलेला अंतिम सामना जिंकला. निर्णायक टायब्रेकर ११-९ असा संपला. २०२५ मध्ये ज्युलियन कॅश आणि लॉइड ग्लासपूल यांनी रिंकी हिजिकाता व डेव्हिड पेल यांना ६-२, ७-६ असे हरविले. दोन्ही खेळाडू ब्रिटिश असलेली जोडी विजेती होण्याचा योग १९३६ नंतर ८९ वर्षांनी आला.

या तिन्ही वर्षांच्या विजेत्यांमध्ये एक साम्य आहे. त्यांतील एकही एकेरीतील नामवंत नव्हता. दुहेरी हाच त्यांचा व्यवसाय होता. तीन सेटच्या पद्धतीमुळे मुरलेल्या जोड्या मागे पडतील, ही भीती निदान पहिल्या तीन स्पर्धांनी खरी ठरविलेली नाही.

६४ जोड्यांतून विजेता होण्यासाठी आजही सहा सामने जिंकावे लागतात. महिला एकेरीच्या अंतिम सामन्याच्या दिवशी, शनिवारी, सेंटर कोर्टवर पुरुष दुहेरीचा अंतिम सामना होतो. तोवर गवत मागच्या रेषेपाशी झिजून माती उघडी पडलेली असते. पूर्वी जाळ्याकडे जाणाऱ्या वाटेवरही अशीच माती दिसत असे, कारण एकेरीतले खेळाडूही त्या वाटेने धावत. आता ती वाट बहुतांशी हिरवीच राहते. तिच्यावर नित्य पाऊल टाकणारे खेळाडू मुख्यतः दुहेरीतलेच उरले आहेत, आणि भारताच्या पुढच्या पिढीतून विम्बल्डन जिंकण्याची इच्छा धरणाऱ्या तरुणांसाठी मळलेली वाटही आजवर तीच ठरली आहे.